मार्टिन ल्यूथर किंग यांचा मृत्यू आणि अमेरिकेचे लोकमानस

शाळेच्या वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत निदान पंधरा-वीस जयंत्या व पुण्यतिथ्या असतात. त्या प्रसंगी विद्यार्थी जी भाषणे करतात ती ऐकण्याचा योग प्रस्तुत लेखकास गेली अनेक वर्षे येत आहे. अनुभवाने एक गोष्ट ध्यानात आली की, या भाषणांतील नाव तेवढे बदलले तर बाकीचा मजकूर कोणत्याही थोर पुरुषास चालतो. सर्व जण दीनांचे कैवारी, सर्व जण सर्वांना प्रिय आणि सर्वांच्या निधनाने देश शोकसागरात बुडालेला! अशाच एका भाषणाची तालीम चालू असता नववीतील एका मुलीने विचारले, "सर, ते सगळ्यांनाच प्रिय होते, तर मग त्यांना मारले कोणी?" भाषण मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर होते. त्या वेळी जे उत्तर दिले ते मलाच अपुरे वाटले. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर सावकाशीने देण्याचा प्रयत्न होय.

किंग यांच्या मृत्यूचे उदाहरण अभ्यासकाला विशेष उपयोगी पडते, कारण त्या मृत्यूनंतर कोण काय बोलले, कोणी काय केले आणि कोण गप्प राहिले याची नोंद वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी, लोकमताच्या पाहण्या व सरकारी कागदपत्रे यांत विपुल आहे. आपल्याकडे एखाद्या लोकनायकाच्या निधनानंतर केवळ गौरवलेख जपून ठेवले जातात; विरोधकांची कुजबुज कोणी नोंदवीत नाही. तेथे ती नोंदली गेली.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, ४ एप्रिल १९६८ रोजी जो मनुष्य मारला गेला तो त्या वेळी लोकप्रियतेच्या शिखरावर मुळीच नव्हता. १९६३ मधील वॉशिंग्टनच्या महामोर्चातील भाषण, १९६४ चे नोबेल शांतता पारितोषिक आणि १९६५ चा मतदानहक्काचा कायदा एवढेच आपल्या पाठ्यपुस्तकांत येते. पुढची तीन वर्षे गाळली जातात. त्या तीन वर्षांत किंग उत्तरेकडील शहरांकडे वळले. १९६६ साली शिकागोत गोऱ्यांच्या वस्त्यांतून काढलेल्या मोर्चात त्यांना दगड लागला. त्याच वर्षी गॅलप संस्थेने घेतलेल्या पाहणीत शेकडा ६३ लोकांनी त्यांच्याविषयी प्रतिकूल मत नोंदविले. मृत्यूच्या बरोबर एक वर्ष आधी, ४ एप्रिल १९६७ रोजी, न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये त्यांनी व्हिएतनामच्या युद्धाचा उघड निषेध केला, तेव्हा एरव्ही त्यांची बाजू घेणाऱ्या मातबर वृत्तपत्रांनीही त्यांना चार खडे बोल सुनावले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याशी त्यांचे संबंध तुटले. तरुण कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांना अहिंसेची भाषा जुनाट वाटू लागली होती. एका बाजूस ते अतिरेकी ठरले होते, तर दुसऱ्या बाजूस मवाळ. आपल्या इतिहासातील काही पुरुषांची वाचकांस या ठिकाणी आठवण होईल.

मेम्फिसला ते गेले होते ते सफाई कामगारांसाठी. १ फेब्रुवारी १९६८ रोजी त्या शहरात पावसापासून आडोसा म्हणून कचरागाडीच्या मागील भागात बसलेले एकोल कोल व रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार गाडीतील दाबयंत्र अचानक सुरू झाल्याने चिरडून मेले. त्यानंतर सुमारे तेराशे कामगारांनी संप पुकारला. त्यांच्या गळ्यातील फलकांवर मागणीचा आकडा नव्हता. 'मी माणूस आहे' एवढेच शब्द होते. २८ मार्चच्या मोर्चाला हिंसक वळण लागले व पोलिसांच्या गोळीने एक सोळा वर्षांचा मुलगा मरण पावला. किंग यांच्या अहिंसेचे दिवाळे वाजले, असे त्यानंतर उघडपणे लिहिले गेले. तो डाग पुसण्यासाठीच ते पुन्हा मेम्फिसला आले आणि ४ एप्रिलच्या सायंकाळी सहा वाजून एक मिनिटाने लोरेन मोटेलच्या सज्जात उभे असता त्यांना गोळी लागली. तासाभरात रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वय अवघे एकोणचाळीस. जेम्स अर्ल रे या गोऱ्या गुन्हेगाराने पुढे गुन्हा कबूल केला, नंतर कबुली नाकारली. तो १९९८ साली कारावासात असतानाच मरण पावला.

बातमी कशी पोहोचली याचे एक दृश्य इंडियानापोलिसचे आहे. अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी दौऱ्यावर असलेले सिनेटर रॉबर्ट केनेडी यांची सभा तेथील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ठरली होती. पोलिसांनी जाऊ नका असा सल्ला दिला, तरी ते गेले. जमलेल्यांपैकी पुष्कळांना बातमी ठाऊक नव्हती. एका मालमोटारीच्या फळीवर उभे राहून त्यांनी ती सांगितली, तेव्हा उठलेला आक्रोश ध्वनिमुद्रणात आजही ऐकू येतो. पाच-सहा मिनिटांच्या त्या भाषणात त्यांनी आपल्या भावाच्या खुनाचा उल्लेख केला, जो तोवर जाहीर सभेत केला नव्हता, आणि ग्रीक नाटककार एस्किलस याच्या ओळी स्मरणातून म्हटल्या. सभेत ग्रीक नाटककार! आपल्या एखाद्या उमेदवाराने शोकप्रसंगी भवभूतीचा आधार घेतला, तर लोक काय म्हणतील कोण जाणे. त्या रात्री इंडियानापोलिस शांत राहिले. त्याचे सर्व श्रेय भाषणाला देण्याची प्रथा पडली आहे. मला ती अर्धवट वाटते, कारण त्या वस्तीतील स्थानिक कार्यकर्तेही रस्त्यावर उतरून लोकांना आवरीत होते. परंतु त्यांची नावे कोणाच्या स्मरणात राहिली नाहीत. दोन महिन्यांनी स्वतः केनेडीही गोळीलाच बळी पडले.

अन्यत्र मात्र शोकाचा वणवा झाला. शंभराहून अधिक शहरांत दंगली उसळल्या, चाळीसहून अधिक माणसे मेली, हजारोंना अटक झाली आणि पन्नास हजारांहून अधिक सैनिक व राष्ट्रीय रक्षकदलाचे लोक रस्त्यावर आणावे लागले. राजधानी वॉशिंग्टनमध्ये आरंभी तरुण नेते स्टोकली कारमायकेल दुकानादुकानांतून जाऊन, आदरादाखल दुकाने बंद ठेवा, असे सांगत होते. रात्र चढली तशी काचा फुटू लागल्या. हजाराहून अधिक इमारती जळाल्या आणि काँग्रेसच्या भवनाच्या पायऱ्यांवर मशीनगन मांडल्या गेल्या. शिकागोत अकरा माणसे मेली. तेथील महापौर रिचर्ड डेली यांनी, जाळपोळ करणाऱ्यास ठार करण्यासाठी व लुटालूट करणाऱ्यास जायबंदी करण्यासाठी गोळी घालावी, असा आपला हुकूम असल्याचे नंतर जाहीरपणे सांगितले. अहिंसेच्या पुजाऱ्याची उत्तरक्रिया अशी झाली!

हे दंगेखोर किंग यांचे अनुयायी होते काय? बहुतेक नव्हते. मग ते त्यांच्या मृत्यूने का पेटले? या प्रश्नाचे उत्तर एक महिना आधीच छापलेले होते. आदल्या वर्षीच्या दंगलींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या कर्नर आयोगाने २९ फेब्रुवारी १९६८ रोजी दिलेल्या अहवालात म्हटले होते की, देश दोन समाजांकडे चालला आहे, एक काळा व एक गोरा, वेगळे आणि विषम. कोंदट घरे, बेकारी, पोलिसांचा जाच, निकृष्ट शाळा ही सर्व कारणे त्यात नमूद होती. अहवाल पुस्तकरूपाने भराभर खपला, पण त्यातील शिफारशी कपाटात राहिल्या. म्हणजे दारू आधीच ठासलेली होती. ज्या एका माणसाने थांबा, अजून मार्ग आहे, असे सांगत राहावे, त्यालाच गोळी घातली गेली, तेव्हा थांबण्याचे कारण संपले असा निष्कर्ष वस्तीतील तरुणांनी काढला. तो बरोबर होता असे मी म्हणत नाही. जळाली ती बहुतांशी त्यांच्याच गल्लीतील दुकाने, आणि त्या गल्ल्यांतील कित्येक तर पुढे दशकानुदशके उजाड राहिल्या. परंतु त्या निष्कर्षात एक तर्क होता, हे नाकारता येत नाही.

या दंगलींचा राजकीय लाभही झाला. मेरीलंडचे गव्हर्नर स्पायरो ॲग्न्यू यांनी ११ एप्रिल रोजी बाल्टिमोरच्या मवाळ कृष्णवर्णीय पुढाऱ्यांना बोलावले. त्यांतील पुष्कळांनी आदल्या रात्री रस्त्यांवर फिरून लोकांना शांत करण्याचा प्रयत्न केला होता. गव्हर्नरांनी त्यांचीच खरडपट्टी काढली, तेव्हा बहुसंख्य लोक उठून निघून गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निक्सन यांनी उपाध्यक्षपदासाठी याच ॲग्न्यूंची निवड केली. 'कायदा व सुव्यवस्था' हा शब्दसमुच्चय त्या निवडणुकीचे पालुपद बनला.

आता त्या मुलीच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. ज्यांना दुःख झाले नाही, असे लोक किती होते? जॉर्जियाचे गव्हर्नर लेस्टर मॅडॉक्स यांनी अंत्ययात्रेस जाण्याचे नाकारले, राजभवनाभोवती सशस्त्र पोलीस उभे केले आणि ध्वज अर्ध्यावर उतरविण्याविषयीही नाखुषी दाखविली. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी घटनेस शोकांतिका म्हटले खरे, परंतु कोणते कायदे पाळायचे व कोणते मोडायचे हे लोक स्वतः ठरवू लागले तेव्हाच या शोकांतिकेचा आरंभ झाला, असेही सुचविले. शोकसंदेशातच सविनय कायदेभंगावर ठपका! व्हिएतनामच्या काही अमेरिकी छावण्यांत गोऱ्या सैनिकांनी गुलामीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी राज्यांचा जुना ध्वज उभारला. सामान्य माणसांत हे मत याहून सौम्य शब्दांत होते, पण होते: खुनानंतरच्या एका पाहणीत सुमारे एकतृतीयांश लोकांनी किंग यांनी हे स्वतःवर ओढवून घेतले असे म्हटले. हे लोक राक्षस नव्हते. त्यांतील पुष्कळांनी खुनाचा निषेध केलाच असता. परंतु खुनाचा निषेध करणे आणि मेलेल्याची मागणी मान्य करणे यांत किती अंतर असू शकते, हे त्या आकड्यात दिसते.

८ एप्रिल रोजी, पतीच्या दफनाच्या आदल्या दिवशी, कोरेटा किंग आपल्या मुलांसह मेम्फिसला गेल्या आणि जो मोर्चा किंग काढणार होते, तो त्यांनी काढला. हजारो माणसे घोषणा न देता, गाणे न गाता चालली. सगळ्या प्रतिक्रियांत मला हीच सर्वांत अर्थपूर्ण वाटते. दुसऱ्या दिवशी अटलांटात अंत्यविधी झाला. एबेनेझर चर्चमध्ये किंग यांचेच फेब्रुवारीतील प्रवचन ध्वनिफितीवरून ऐकविण्यात आले. त्यात त्यांनी आपल्या मृत्यूनंतर पारितोषिकांचा उल्लेख करू नका, असे सांगून ठेवले होते. नंतर शवपेटिका दोन खेचरांच्या साध्या शेतगाडीवर ठेवून मोअरहाउस महाविद्यालयात नेली. दक्षिणेत वाट्याने जमीन कसणाऱ्या दरिद्री कुळांचे ते वाहन. गरिबांच्या नियोजित मोहिमेची ती खूण होती. मागे लाखाच्या घरात माणसे चालत होती. उपाध्यक्ष हंफ्री, निक्सन, रॉबर्ट केनेडी, जॅकलिन केनेडी हे सर्व आले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन आले नाहीत. महाविद्यालयात श्रद्धांजलीचे भाषण वृद्ध गुरू बेंजामिन मेज यांनी केले. दोघांत ठरले होते की, जो मागे राहील त्याने दुसऱ्यासाठी बोलावे. हे मेज १९३६-३७ च्या हिंदुस्थान-दौऱ्यात गांधीजींना भेटून गेले होते. शिष्यासाठी गुरूने बोलावे, हा क्रम शिक्षकाला फार बोचतो.

काँग्रेसची प्रतिक्रिया कायद्याच्या रूपाने आली. घरे विकताना वा भाड्याने देताना वर्णभेद करण्यास बंदी घालणारे विधेयक सिनेटने ११ मार्च रोजीच संमत केले होते, परंतु प्रतिनिधिगृहात ते अडले होते. १० एप्रिल रोजी, दफनाच्या दुसऱ्या दिवशी, ते मंजूर झाले. ११ रोजी जॉन्सन यांनी सही केली. शिकागोत ज्या मागणीसाठी दगड खाल्ले, ती मेल्यावर आठवड्यात पदरात पडली. या कायद्याची अंमलबजावणीची बाजू मात्र इतकी लंगडी होती की, १९८८ मध्ये दुरुस्ती करीपर्यंत त्यात फारसा दम नव्हता. शोकाच्या भरात केलेल्या कायद्याची ही मर्यादा लक्षात ठेवण्यासारखी आहे.

शाळामास्तर या नात्याने दुसरी एक प्रतिक्रिया सांगितल्यावाचून राहवत नाही. आयोवा राज्यातील राइसव्हिल या लहानशा गावात सगळी वस्ती गोऱ्यांची. तेथील तिसरीच्या वर्गाच्या शिक्षिका जेन इलियट यांना ५ एप्रिलच्या सकाळी प्रश्न पडला की, ज्या मुलांनी कृष्णवर्णीय माणूस क्वचितच पाहिला, त्यांना हे काय घडले ते कसे सांगावे? त्यांनी डोळ्यांच्या रंगावरून वर्गाचे दोन भाग केले. एका रंगाच्या मुलांना श्रेष्ठ ठरवून त्यांना जादा सवलती दिल्या, दुसऱ्यांना हीन ठरविले, आणि पुढे हे उलटे केले. हीन ठरविलेली हुशार मुलेही काही तासांत अडखळू लागली आणि श्रेष्ठ ठरलेली मुले मित्रांवर गुरगुरू लागली. मुलांचे निबंध गावच्या पत्रात छापून आले, पुढे बाईंना राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर बोलावणे आले आणि गावात मात्र त्यांच्याशी पुष्कळांनी बोलणे टाकले. मुलांना न सांगता त्यांच्यावर असा प्रयोग करावा काय, याविषयी मतभेद आहेत. मी स्वतः माझ्या शिक्षकांना तशी परवानगी देण्यास धजावणार नाही. परंतु त्या शुक्रवारी सकाळी दोन मिनिटे शांत उभे करून बाईंनी गणिताचा तास सुरू केला नाही, याबद्दल त्यांच्याविषयी आदर वाटतो.

वाङ्मयातही पडसाद उमटले. शिकागोच्या कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स यांनी त्या शहरातील उद्रेकावर 'रायट' हा काव्यसंग्रह १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. तो आपल्या नेहमीच्या मोठ्या प्रकाशनसंस्थेकडे न देता डेट्रॉइटच्या एका लहान कृष्णवर्णीय प्रकाशनसंस्थेस दिला, हीही एक प्रतिक्रियाच होती. गायिका नीना सिमोन हिने खुनानंतर तिसऱ्याच दिवशी आपल्या वादकाने रचलेले शोकगीत मैफलीत म्हटले. आणि कॅलिफोर्नियातील हॅरिएट ग्लिकमन या शिक्षिकेने व्यंगचित्रकार चार्ल्स शुल्झ यांना पत्र लिहून त्यांच्या 'पीनट्स' चित्रमालेतील मुलांच्या टोळीत एक काळा मुलगा आणावा, अशी विनंती केली. तो मुलगा, फ्रँकलिन, जुलैच्या अखेरीस वृत्तपत्रांतून अवतरला. गोष्ट लहान आहे, पण त्या वर्षीच्या कित्येक ठरावांपेक्षा ती अधिक टिकली.

भारतात या मृत्यूचा शोक औपचारिक नव्हता. १९५९ साली किंग दांपत्य महिनाभर या देशात फिरले होते; मुंबईत गांधीजींच्या मणिभवनात त्यांनी मुक्काम केला होता. त्याच दौऱ्यात केरळात एका शाळेच्या मुख्याध्यापकाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मुलांना त्यांची ओळख, अमेरिकेतून आलेले आपल्यासारखेच अस्पृश्य, अशी करून दिली. किंग यांनीच १९६५ च्या एका प्रवचनात सांगितले की, प्रथम आपण दचकलो, रागावलो, आणि मग विचार केल्यावर उमगले की होय, मी अस्पृश्यच आहे. त्या मुख्याध्यापकाच्या एका वाक्याचा मला हेवा वाटतो. नेहरू पुरस्कार किंग यांना मरणोत्तर मिळाला. तो स्वीकारण्यासाठी कोरेटा किंग जानेवारी १९६९ मध्ये दिल्लीस आल्या.

मराठी वाचकास या सगळ्यात ६ डिसेंबर १९५६ आठवल्यावाचून राहणार नाही. दिल्लीत डॉ. आंबेडकरांचे निधन झाले, विमानाने पार्थिव मुंबईस आणले आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकाठी लाखोंच्या उपस्थितीत अग्निसंस्कार झाला. त्या वेळी तेथेच असंख्य लोकांनी धम्मदीक्षा घेतली. तो शोक प्रतिज्ञेत उतरला. दोन्ही ठिकाणी राष्ट्राची अधिकृत मान्यता मात्र सावकाशीने आली: भारतरत्न १९९० साली, म्हणजे चौतीस वर्षांनी. १९७२ मध्ये मुंबईत जी तरुण मंडळी दलित पँथर या नावाने उभी राहिली, त्यांनी नाव घेतले ते किंग यांच्या परंपरेतून नव्हे, तर त्यांच्या मवाळपणाला कंटाळलेल्या ब्लॅक पँथर संघटनेकडून, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

किंग यांच्या जन्मदिनाची राष्ट्रीय सुटी व्हावी म्हणून जॉन कॉन्यर्स यांनी ८ एप्रिल १९६८ रोजी, म्हणजे दफनापूर्वीच, विधेयक मांडले. ते संमत होण्यास पंधरा वर्षे लागली, आणि २ नोव्हेंबर १९८३ रोजी त्यावर सही केली ती राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी. २०११ साली गॅलपनेच पुन्हा विचारले, तेव्हा शेकडा ९४ लोकांचे मत अनुकूल निघाले. ज्यांनी १९६६ मध्ये प्रतिकूल मत दिले होते, ते सर्व तोवर निवर्तले नव्हते. त्यांतील कित्येकांनी आपले मत बदलले, तर कित्येकांच्या दृष्टीने किंगच बदलले असावेत. युद्धाला विरोध करणारा, श्रीमंतांकडे हिशेब मागणारा, मरणापूर्वी गरिबांची छावणी राजधानीत उभारण्याच्या तयारीत असलेला पुरुष मागे पडला आणि एका स्वप्नाचे भाषण करणारा सौम्य पुरुष पुढे आला. आमच्या शाळेच्या भाषणातही तोच होता. त्या मुलीला मी हे दोन आकडे फळ्यावर लिहून दाखविले. ती बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होती.

मेम्फिसचा संप १६ एप्रिल रोजी मिटला. महापौर हेन्री लोएब ज्या संघटनेचे नावही घेत नव्हते, तिला नगरपालिकेने मान्यता दिली आणि तासाच्या मजुरीत दोन हप्त्यांनी पंधरा सेंटची वाढ केली.